विशेष शिक्षकांनो, आधी मुलाची नोंद, मग पदाची मागणी

विशेष शाळेतले शिक्षक असोत की समग्र शिक्षाखाली शाळाशाळांतून फिरणारे, भेटले की त्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात. पुनर्वास परिषदेची नोंदणी संपली, आता नोकरीला धोका आहे का? इतकी वर्षे कंत्राटावर काढली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आम्हाला काय उपयोग? मुख्याध्यापक लिपिकाची कामे सांगतात, दाद कुणाकडे मागायची? आणखी एक पदविका केली तर पगार वाढेल का?

हे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. विशेष शिक्षकाचे पद मुलांच्या संख्येवर उभे असते आणि ती संख्या कागदावर असावी लागते. वर्गात बसलेले मूल नोंदीत नसेल, तर त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाची गरजही सरकारदरबारी दिसत नाही. म्हणून स्वतःच्या हक्कासाठी लढायचे असेल, तर सुरुवात मुलाच्या नोंदीपासून करा.

तुमचा विभाग कोणता, हे आधी पक्के करा

बरेचसे अर्ज चुकीच्या कार्यालयात जातात आणि तिथेच पडून राहतात. अर्ज लिहिण्यापूर्वी तुम्ही यांपैकी कुठे बसता ते पाहा.

- मान्यताप्राप्त विशेष शाळा किंवा कर्मशाळा: तुमचा विभाग दिव्यांग कल्याण. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने हा स्वतंत्र विभाग केला. आयुक्तालय पुण्यात आहे. शाळेला अनुदान असो वा नसो, मान्यता, पदे आणि वैयक्तिक मान्यतेची कागदपत्रे याच साखळीतून जातात.
- समग्र शिक्षाचे समावेशित शिक्षण: तुमचा विभाग शालेय शिक्षण. राज्यस्तरावर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, जिल्ह्यात जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि तालुक्यात गटशिक्षणाधिकारी.
- खासगी शाळा: सीबीएसईशी संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमणे बंधनकारक आहे. पण तुमची नेमणूक करणारी संस्थाच असते, म्हणून नेमणूकपत्रातली प्रत्येक अट महत्त्वाची.
- पालकांनी नेमलेले सोबती शिक्षक, म्हणजे शॅडो टीचर: इथे शाळा तुमची मालक नसते. कामाचे तास, मोबदला, सुट्ट्या आणि काम थांबवण्याची पूर्वसूचना हे सगळे पालकांशी लेखी ठरवल्याशिवाय काम सुरू करू नका.

परिषदेची नोंदणी: सगळ्याचा पाया

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. त्याच्या कलम १३ नुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. सरकारी किंवा स्थानिक संस्थेत त्या नात्याने पद धारण करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्रत्यक्षात ही शिक्षा क्वचितच कुणाला होते. खरा फटका बसतो तो भरतीच्या वेळी. मुदत संपलेले प्रमाणपत्र जोडले, की अर्ज छाननीतच बाद होतो.

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणासाठी सीआरई कार्यक्रमांचे, म्हणजे परिषदेने मान्य केलेल्या सतत पुनर्वास शिक्षणाच्या प्रशिक्षणांचे, ठरावीक गुण जमवावे लागतात. इथे घोटाळे कुठे होतात ते पाहा:

- कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. 'राष्ट्रीय कार्यशाळा' असे मोठे नाव असले म्हणून गुण मिळत नाहीत.
- प्रमाणपत्रावर तुमचे नाव आणि नोंदणी क्रमांक बरोबर छापला आहे का, ते त्याच दिवशी पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांना याचा त्रास सर्वाधिक होतो. राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत फाईलमध्ये कायम ठेवा.
- शेवटच्या वर्षी घाईघाईने गुण जमवू नका. दर वर्षी थोडे थोडे करा.
- मुदत संपली असेल, तर राजीनाम्याचा विचारही करू नका. नूतनीकरणाचा अर्ज आजच भरा आणि त्याची पोचपावती शाळेच्या दप्तरी लावा.

पुढे शिकायचे, पण काय?

अनुदानित शाळेत वेतनश्रेणी पदाला असते. तुम्ही पदविकेच्या पदावर असाल आणि पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतली, तरी पगार आपोआप वाढत नाही. ती पात्रता मागणारे पद उपलब्ध व्हावे लागते. हे आधी समजून घेतले तर पुढची निराशा टळते. तरीही शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वर्गातली मुले बदलली आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत आज स्वमग्न मुले आहेत आणि बहुविकलांग मुलेही आहेत. ज्यांनी एकाच प्रकारात प्रशिक्षण घेतले, त्यांच्यासमोर रोज दुसऱ्याच गरजा उभ्या राहतात.

म्हणून प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एक दिशा निवडा. तुमच्या वर्गात ज्या गरजेपुढे तुम्ही वारंवार अडता, तीच तुमची पुढची शाखा असावी. श्रवणदोषासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बौद्धिक अक्षमतेची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला असून तिचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. दृष्टिदोषासाठी देहरादून, बहुविकलांगतेसाठी चेन्नईजवळची संस्था. विदर्भातल्या शिक्षकांना नागपूरचे संयुक्त प्रादेशिक केंद्र जवळ पडते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याचा शब्दकोश ऑनलाइन खुला आहे.

प्रवेश घेताना दोन गोष्टी विसरू नका. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमाला आणि सत्राला असते. मागच्या वर्षी मान्यता होती म्हणून या वर्षीही असेल असे धरू नका, परिषदेच्या संकेतस्थळावर त्या सत्राची यादी पाहा. दुसरे म्हणजे, पूर्णवेळ नोकरी करत नियमित अभ्यासक्रमाला नाव घालू नका. एकाच दिवशी शाळेच्या हजेरीपटावर आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर सही असेल, तर पुढे वैयक्तिक मान्यतेच्या वेळी ती पदवीच वादात सापडते. संस्थेची लेखी परवानगी घ्या, रजा मंजूर करून घ्या, मगच शुल्क भरा.

आयईपीची फाईल तुमचीही आहे

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आपली आयईपी, बहुतेक शाळांत तपासणीच्या आदल्या आठवड्यात लिहिली जाते. हे थांबले पाहिजे. कारण तुमच्या कामाचा पुरावा म्हणून दाखवण्याजोगी दुसरी कोणतीही गोष्ट तुमच्याकडे नसते. सर्वसाधारण शाळेतल्या शिक्षकाला निकालाची टक्केवारी दाखवता येते. तुमच्या वर्गातले मूल वर्षभरात बटण लावायला शिकले, तर ते कुठल्याही निकालपत्रात येत नाही. ते फक्त या फाईलमध्ये येते.

उद्दिष्ट मोजता येईल असे लिहा. 'पैशांची ओळख होईल' असे लिहिले, तर वर्षअखेरीस काय साधले हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी असे लिहा: 'दिवाळीपर्यंत १०, २० आणि ५० च्या नोटा पाचपैकी चार वेळा न चुकता वेगळ्या करतो, मार्चपर्यंत शाळेसमोरच्या दुकानातून २० रुपयांची वस्तू मोठ्या माणसासोबत जाऊन आणतो.' सुरुवातीची पातळी तारखेसह नोंदवा. दर तीन महिन्यांनी मूल्यमापन करा. मूल मागे गेले असेल तर तेही लिहा आणि कारण लिहा: आजारपण, स्थलांतर, औषध बदलले, शिक्षक बदलले. पालकांची सही प्रत्येक टप्प्यावर घ्या. आई कामावरून येऊ शकत नसेल तर फोनवर बोलून तशी नोंद करा.

मुलाखतीला जाताना मुलांची नावे झाकून अशा दोन-तीन फाईलींच्या प्रती सोबत न्या. त्यातून जे दिसते, ते प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यातून दिसत नाही.

न्यायालयाचे निकाल तुमच्या हातात कसे येतील?

रजनीशकुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वसाधारण शाळांतल्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रमाण सांगितले: प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या स्तरांवर पंधरा मुलांमागे एक. याच प्रकरणात ७ मार्च २०२५ च्या आदेशाने राज्यांना पदे अधिसूचित करून जाहिरात देण्यास सांगितले आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्यांची पात्रता तपासण्यासाठी छाननी समिती नेमण्याचा मार्ग घालून दिला. समितीत राज्याचे दिव्यांग आयुक्त, शिक्षण सचिव आणि पुनर्वास परिषदेचा प्रतिनिधी. महाराष्ट्र सरकारने त्याआधी, २०२४ मध्ये, शाळासमूहांच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला होता.

कंत्राटी शिक्षकांनी यातून एवढेच घ्यावे: छाननीसमोर अनुभव सिद्ध करावा लागेल आणि तो कागदाने करावा लागेल. पहिल्या वर्षापासूनचे प्रत्येक नेमणूकपत्र, मुदतवाढीचे प्रत्येक पत्र, मानधन जमा झालेले बँकेचे पासबुक, मासिक फिरतीचा अहवाल आणि नोंदणी प्रमाणपत्र हे सगळे तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावा. दरवर्षी एक दिवस सेवेत खंड दाखवला जात असेल, तर त्या दिवशी तुम्ही काम केल्याचा पुरावा, शाळाभेटीची नोंद असो वा प्रशिक्षणाची हजेरी, जपून ठेवा.

आता सर्वात महत्त्वाचे: यूडायस

प्रमाण दहास एक ठरले. पण दहा मुले मोजणार कोण? शाळेने यूडायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेली माहिती. आणि तिथेच मुले हरवतात. अंध मूल, व्हीलचेअरवरचे मूल सहसा नोंदले जाते. अध्ययन अक्षमतेचे, सौम्य बौद्धिक अक्षमतेचे, कमी ऐकू येणारे मूल 'अभ्यासात कच्चे' म्हणून मागच्या बाकावर बसते आणि दिव्यांगत्वाचा रकाना रिकामा राहतो.

सप्टेंबरअखेरची पटसंख्या धरून पुढची गणिते होतात. म्हणून जून ते सप्टेंबर हे तुमचे मोलाचे महिने समजा:

१. वर्गशिक्षकांसोबत प्राथमिक चाळणी करा. एनसीईआरटीची 'प्रशस्त' ही तपासणी सूची त्यासाठीच आहे. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे पालकांना आधीच सांगा.

२. शंका असलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्याची विनंती करा.

३. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, पालकांना अर्ज भरायला मदत करा. जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी कोणते तज्ज्ञ बसतात, याचा कागद शाळेच्या फलकावर लावा. एका खेपेत काम झाले नाही, तर रोजंदारीवरची आई दुसऱ्यांदा येत नाही.

४. माहिती भरल्यावर तिची छापील प्रत मागा. आपली यादी आणि ती प्रत ताडून पाहा. नाव सुटले असेल तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

हे काम कंटाळवाणे आहे, पण याच्याइतका उपयोगी मोर्चाही नाही.

कोणते काम नाकारता येते?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. पण तोंडी भांडण करून काम नाकारू नका. तोंडी आदेश मिळाला, की त्याच दिवशी दोन ओळी लिहून द्या:

'आपल्या आजच्या तोंडी सूचनेनुसार मला दिनांक अमुक ते अमुक कार्यालयीन काम देण्यात आले आहे. या काळात माझ्याकडील अमुक इतक्या मुलांचे नियोजित सत्र होऊ शकणार नाही. त्यांची पर्यायी व्यवस्था कोणती, हे कृपया लेखी कळवावे.'

या पत्रात तक्रार नाही, आरोप नाही. पण मुलांचे नुकसान नोंदवले गेले आहे. अशा पत्राला उत्तर देणे अधिकाऱ्याला भाग पडते.

दुसरे एक काम मात्र ठामपणे नाकाराच. बुद्ध्यांक लिहिणे, 'ऑटिझम आहे' असा दाखला देणे, वाचाउपचारांचा अहवाल तयार करणे ही तुमची कामे नाहीत. त्यासाठी नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-श्रवण तज्ज्ञ आहेत. तुम्ही वर्गातले निरीक्षण लिहा: मूल नावाने हाक मारल्यावर वळते का, किती वेळ बसते, कोणत्या आवाजाने अस्वस्थ होते. तज्ज्ञाला तेच हवे असते.

अन्याय झाला तर

- राजीनामा: कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या कागदावर कधीही सही करू नका. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यात राजीनामा दोन प्रतींत, सही-तारखेसह लिहून एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवण्याची तरतूद आहे. ती दबावाविरुद्धच आहे.
- बडतर्फी किंवा पदावनती: त्याच कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत ३० दिवस आहे. विशेष शाळांसाठी स्वतंत्र संहिता आहे, त्यामुळे तुमच्या शाळेच्या मान्यतेनुसार कोणते दार योग्य, हे आदेश हातात पडताच त्याच आठवड्यात सेवाविषयक वकिलांना विचारा. संस्थेशी बोलणी करण्यात महिना घालवू नका.
- मूळ प्रमाणपत्रे: संस्थेकडे जमा करू नका, साक्षांकित प्रती द्या.
- पगारातून रोख परत मागणे: दिलेत तर पुरावा उरत नाही. मागणी कुणी, कधी, किती केली याची तारीखवार नोंद ठेवा आणि एकट्याने न लढता सहकाऱ्यांसह लेखी तक्रार करा.
- माहितीचा अधिकार: मंजूर पदे, सेवाज्येष्ठता यादी, बिंदुनामावली, वेतन अनुदान ही माहिती मागता येते. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, दहा रुपयांचा न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावा. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पहिले अपील. 'का दिले नाही' असे विचारू नका; 'अमुक आदेशाची प्रत द्यावी' असे मागा.
- लोकशाही दिन: तिथे सेवाविषयक प्रकरणे घेत नाहीत. अनेकांचे महिने यात वाया जातात. मात्र मुलांना रॅम्प नाही, साहित्य मिळाले नाही, शाळेने प्रवेश नाकारला, हे प्रश्न पालकांना तिथे मांडता येतात.
- लैंगिक छळ: दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रारीची मुदत तीन महिने आहे.
- ग्रॅच्युइटी: ती शिक्षकांनाही लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. खासगी विनाअनुदानित शाळेतून निवृत्त होताना ती मागायला संकोच करू नका.

पॉक्सो: इथे गप्प राहता येत नाही

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. 'संस्थेचे नाव जाईल, आधी व्यवस्थापनाशी बोलू' असे कुणी म्हटले तरी तुमची जबाबदारी संपत नाही. १०९८ हा बालमदत क्रमांक आहे.

याच कायद्याने विशेष शिक्षकाला एक मानाचे स्थानही दिले आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद कलम २६ मध्ये आहे, आणि न्यायालयातल्या साक्षीसाठी कलम ३८ मध्ये. खुणांनी बोलणाऱ्या मुलीचे म्हणणे तुमच्याशिवाय न्यायाधीशांपर्यंत पोहोचणारच नाही, असे प्रसंग येतात. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे तुमचे नाव, शाखा आणि नोंदणी क्रमांक आजच कळवून ठेवा.

पालकांना सोबत घ्या, पण त्यांच्या मुलांची छबी जपा

शिक्षकाने स्वतःच्या पगारासाठी केलेला अर्ज एका कर्मचाऱ्याचा अर्ज ठरतो. पालकाने 'माझ्या मुलाला शिक्षक नाही' म्हणून दिव्यांग आयुक्तांकडे केलेला अर्ज हक्कभंगाची तक्रार ठरतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि कलम १७ प्रशिक्षित शिक्षक नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. पालकसभेत ही दोन कलमे सोप्या मराठीत वाचून दाखवा. अर्ज मात्र पालकांनाच लिहू द्या, त्यांच्या शब्दांत.

आणि एक कळकळीची विनंती. मागण्या मांडण्यासाठी, निधी मिळवण्यासाठी किंवा स्वतःचे काम दाखवण्यासाठी मुलांची छायाचित्रे, चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकू नका. पालकांनी संमती दिली तरी थांबा. ज्या मुलाला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या वतीने 'नको' म्हणणे हे आपलेच काम आहे.

या आठवड्यात दोन कामे करा. परिषदेच्या प्रमाणपत्रावरची अंतिम तारीख पाहा आणि शाळेच्या यूडायस माहितीची छापील प्रत लेखी अर्ज देऊन मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायला विसरू नका.